एरी वारियम आणि आमचा तलाव

माझा मोठा मुलगा ओरगडमला एका कारखान्यात आहे. चेन्नईच्या अलीकडे, कांचीपुरमच्या बाजूला. दिवाळीनंतर धान घरात आलं आणि मी नागपूरहून गाडी धरली. कांचीपुरमची देवळं दाखवतो म्हणाला होता, पण एका रविवारी त्याच्यासोबत काम करणारा तिथलाच मुलगा म्हणाला, "अम्मांना उत्तिरमेरूरला घेऊन चल, त्या पंचायतीत होत्या ना." मी पाच वर्षं आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य होते, महिला राखीव जागेवरून.

उत्तिरमेरूर आता छोटंसं शहर आहे. तमिळमध्ये अशा शहराच्या कारभाराला पेरूराट्ची म्हणतात. आपली नगरपंचायत समजा, गाव आणि नगरपालिका यांच्या मधली. तिथं वैकुंठपेरुमाळचं देऊळ आहे. एकेकाळी तिथं गावाची सभा बसायची. भिंतीच्या खालच्या दगडांवर ओळीच्या ओळी अक्षरं कोरलेली आहेत. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातली, इ.स. 919 आणि 921 ची. मला तमिळ येत नाही. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मुलानं मोबाईलवर भाषांतर शोधून एकेक ओळ वाचून दाखवली. दोन तास कसे गेले कळलं नाही.

गावाचे तीस वॉर्ड. प्रत्येक वॉर्डातल्या लायक माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहायची, वॉर्डाची एकेक जुडी बांधायची आणि सगळ्या जुड्या एका मडक्यात टाकायच्या. म्हणून त्या पद्धतीचं नाव कुडवोलै, कुडम म्हणजे मडकं आणि ओलै म्हणजे ताडपत्र. लहानथोर सगळ्यांना बोलवायचं. गावातल्या पुजाऱ्यांपैकी सगळ्यात वडीलधाऱ्यानं उभं राहून मडकं सर्वांना दिसेल असं वर धरायचं. आत काय आहे हे माहीत नसलेल्या एका पोरानं एक जुडी काढायची. ती दुसऱ्या रिकाम्या मडक्यात सोडून हलवायची आणि त्याच पोरानं त्यातलं एक ताडपत्र मध्यस्थाच्या हातात द्यायचं. मध्यस्थानं ते पाचही बोटं उघडी ठेवून तळहातावर घ्यायचं, मग मोठ्यानं वाचायचं. त्याच्यानंतर तिथं बसलेल्या सगळ्या पुजाऱ्यांनीही वाचायचं.

पाचही बोटं उघडी. हे ऐकल्यावर मी मुलाला म्हटलं, परत वाच. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी एवढा बारीक विचार केला होता की बोटांच्या आड दुसरं ताडपत्र लपवता येतं. मी मतमोजणीला बसलेली बाई आहे. हे दगडावर कोरून ठेवणाऱ्या माणसांना माणूस पक्का माहीत होता.

तीस जण निघाले की समित्या व्हायच्या. समितीला वारियम म्हणत. बारा जणांची वर्षाच्या कारभाराची समिती, बारा जणांची बागांची, आणि उरलेल्या सहा जणांची एरी वारियम. एरी म्हणजे तलाव. मुदत 360 दिवस. गुन्हा केल्याचं दिसलं तर मध्येच काढायचं. आधीच्या तीन वर्षांत समितीवर असलेल्याचं नाव मडक्यात टाकायचं नाही.

आणि हिशोबाचं कलम. समितीवर राहून ज्यानं हिशोब दिला नाही, त्याचं नाव परत मडक्यात जायचं नाही. त्याचंच नाही, नातेवाइकांचंही. यादी दिली आहे: मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, काका, मामा, भाऊ, सासरा, साळा, मेहुणा, भाचा, जावई, बाप, मुलगा. मुलगा एकेक नातं वाचत होता आणि माझ्या डोळ्यासमोर एकेक चेहरा येत होता.

आमच्या गावाला मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या ताब्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळ्या झाडीपट्टीत असे तलाव आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले. माझ्या सासऱ्यांच्या आठवणीत पाणी वाटायला गावानं नेमलेला माणूस असायचा आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकायला घरटी एक जण जायचा. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. पाळीवर घरटी माणूस जाणं तेव्हापासून बंद झालं. आज आमच्या तलावात अर्ध्यापर्यंत गाळ आहे आणि कडेनं बेशरमची झुडपं माजली आहेत. पाऊस दडी मारतो तेव्हा शेवटच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे धानाच्या वाफ्यांपर्यंत, पाणी पोचत नाही. माझी बांधी शेवटची आहे.

माझ्या सदस्यपणाच्या तिसऱ्या वर्षी गाळ काढण्याचं काम निघालं. यंत्र आलं, काही दिवस चाललं, गेलं. किती ट्रॅक्टर गाळ निघाला, कोणाच्या शेतात पडला, बिल किती झालं, हे मी ग्रामसभेत विचारलं. नोंदवही तालुक्याला गेली आहे असं उत्तर मिळालं. पुढच्या ग्रामसभेत तेच. मुदत संपेपर्यंत ती वही मी पाहिली नाही. त्याची टोचणी अजून आहे, कारण लोकांनी मला तलावासाठीच निवडून दिलं होतं.

पण त्या मडक्यात माझं नाव कधीच गेलं नसतं, हेही त्याच दगडावर लिहिलेलं आहे. उत्तिरमेरूर ब्राह्मणांना दान दिलेलं गाव होतं. नाव टाकायला स्वतःच्या जागेवर घर, सारा भरणारी पाव वेली जमीन, म्हणजे साधारण दीड एकर, वय 35 ते 70 आणि वेदांचं ज्ञान लागे. वेद-भाष्य शिकलेल्याला जमिनीची अट निम्मी. बाई नाही, शेतमजूर नाही. ज्यांच्या हातांनी तलावाचा गाळ निघत असेल त्यांचं नाव एकाही ताडपत्रावर नसणार. मी मुलाला हे म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "मग आई, तू एवढी हरखून का बघतेस?" मी म्हटलं, मडक्यात कोणाची नावं जावीत हे आपण घटनेनं बदललं. 73 वी दुरुस्ती झाली, राखीव जागा आल्या, म्हणून मी तिथं बसले. पण हिशोब न देणाऱ्याचं काय करायचं, ते या लोकांनी आपल्यापेक्षा जास्त ठरवून ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी मला हव्या आहेत.

तमिळनाडूतही सगळं आलबेल आहे असं नाही. 2016 मध्ये होणाऱ्या तिथल्या स्थानिक निवडणुका रखडल्या, खेड्यांच्या 2019 च्या डिसेंबरात सुरू झाल्या आणि शहरांच्या थेट 2022 मध्ये झाल्या. तोवर अधिकारीच कारभार पाहत होते. चेन्नईची महानगरपालिका तर 1688 ची, देशातली सगळ्यात जुनी, तीही इतकी वर्षं नगरसेवकांविना होती. आपल्याकडेही कित्येक नगरपरिषदा प्रशासकाच्या हाती वर्षानुवर्षं राहिल्या, त्यामुळे त्यांना बोल लावायचा मला हक्क नाही.

निघताना आम्ही गावच्या तलावाच्या पाळीवर गेलो. मोठा आहे, आमच्या तलावाच्या कितीतरी पट. संध्याकाळची वेळ होती, पाण्यावर बगळे उतरत होते. पलीकडे धानाची शेतं होती आणि पाट वाहत होता. मी पाटात पाय सोडून बसले. मुलगा म्हणाला चल, बस निघून जाईल, तरी उठवेना.

परत आल्यावर मी ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. कार्यालयाची बाहेरची भिंत, रस्त्याकडची, दरवर्षी चुना मारून कोरीच राहते. तलावावर आजवर झालेला खर्च त्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहावा: तारीख, रक्कम, किती ट्रॅक्टर गाळ, कोणाच्या शेतात. रंगाचे पैसे मी देते असंही लिहिलं आहे. अर्जाखाली अकरा बायांच्या सह्या आहेत, चार अंगठे. 1 मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे.