बर्डीवर आज २२ फॉर्म

प्रबंधाची प्रश्नावली घेऊन सकाळी ११ पासून नागपूरच्या सीताबर्डी मेन रोडवर उभी होते. प्रश्न साधा: नवीन सिनेमाबद्दल तुम्हाला कुठून कळतं? माझा फॉर्म किती पुस्तकी आहे, हे भेटलेल्या दुसऱ्याच माणसाने दाखवून दिलं.

रुमाल-मोजे विकणारे काका. "सिनेमे? नाही पाहत जी आम्ही." मी 'नाही'वर खूण केली. गिऱ्हाईक नव्हतं, गप्पा सुरू झाल्या, तर काकांनी एका सिनेमाची अख्खी गोष्ट शेवटासकट सांगितली. "मग पाहिलाच ना काका?" "नाही ना ताई! पोट्टं रील पाठवते, तेच पाहतो." म्हणजे तुकड्यातुकड्यांनी सगळा पाहून झालाय, पण काकांच्या हिशेबात टॉकीजमध्ये बसलं तरच पाहणं. याला कुठला रकाना देऊ?

तर्री पोहे खाऊन आल्यावर 'महिन्यातून किती चित्रपट पाहता' हा प्रश्न खोडूनच टाकला. सगळेच अंदाजपंचे 'दोन-तीन' ठोकतात. 'शेवटचा कोणता, कुठे, कोणासोबत?' असं विचारलं की माणूस थांबतो, आठवतो.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि हाताहातात वेगळा पडदा आला. 'कोणासोबत'ला आज बहुतेकांचं उत्तर 'एकटाच'.

एक आजी मात्र म्हणाल्या, "नातीच्या फोनवर. एक वायर तिच्या कानात, एक माझ्या. मधात कोणी बोललं तं दोघीबी चिडतो."