हॅशमॅपमधले टूमस्टोन गेले एकदाचे! (माझी सी लायब्ररी, अपडेट ४)

मागच्या वेळी माझ्या सी लायब्ररीतला हॅशमॅप (की दिली की तिची व्हॅल्यू शोधून देणारं टेबल; कीवरून हॅश फंक्शन जो आकडा काढतं त्यावरून तिचा स्लॉट ठरतो) चालू झाला इथपर्यंत सांगितलं होतं. ओपन ॲड्रेसिंग (सगळ्या की टेबलातच), लिनियर प्रोबिंग (स्लॉट भरलेला असेल तर लगेच पुढचा बघायचा), टेबलाची साइझ कायम दोनच्या घातात म्हणजे भागाकार न करता नुसता मास्क लावला (हॅशचे फक्त खालचे बिट ठेवले) की झालं, आणि स्ट्रिंग कीसाठी ३२ बिटवाला एफएनव्ही-१ए हॅश (आधी बाइटशी एक्सॉर, मग १६७७७६१९ ने गुणायचं). टाकणं, शोधणं झकास चाललं होतं, पण डिलीट केलेल्या स्लॉटवर मी टूमस्टोन ("इथे आधी की होती" अशी खूण) ठेवायचो, कारण स्लॉट सरळ रिकामा केला तर शोध तिथेच थांबतो आणि पलीकडची की असून सापडत नाही. सारखी टाक-काढ असेल तर हे टूमस्टोन साचत जातात, टेबलात खऱ्या की मोजक्याच, पण नसलेली एक की शोधायला गेलं की अर्धं टेबल पालथं घालायला लागतं.

म्हणून आता बॅकवर्ड शिफ्ट लिहिलंय. डिलीट केल्यावर पुढचे स्लॉट एकेक बघत जायचं, जी की मागे सरकू शकते ती खड्ड्यात (रिकाम्या झालेल्या स्लॉटमध्ये) आणायची, मग तिची जागा नवा खड्डा, आणि रिकामा स्लॉट आला की थांबायचं. ऐकायला सोपं आहे पण सगळी गंमत "सरकू शकते" यात आहे. मी आधी साधं लिहिलं की कीचा मूळ स्लॉट (हॅशने ठरलेला) खड्ड्याच्या आधी किंवा खड्ड्यावरच असेल तर सरकव. आता ८ स्लॉटचं टेबल घ्या, कीचा मूळ स्लॉट ७, गर्दीमुळे ती गोल फिरून १ वर बसलीय, आणि आपण ० वरची काढली. ७ काही ० पेक्षा लहान नाही, म्हणून की हलली नाही, आणि पुढच्या वेळी शोध ७ वरून ० वर आला, रिकामं दिसलं, संपलं! योग्य पद्धत म्हणजे अंतरं मोजायची, तीही मास्क लावून: मूळ स्लॉटपासून कीचं अंतर २, खड्ड्यापासून १, पहिलं दुसऱ्याइतकं किंवा जास्त असेल तर सरकवा. अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेली) वजाबाकी असल्याने गोल फिरणं आपोआप सांभाळलं जातं, हे मला फार आवडलं.

हा बग मोठ्या टेबलात मला कधीच दिसला नव्हता. टेस्टमध्ये टेबल ८ चंच ठेवलं, हॅश फंक्शन मुद्दाम कायम ७ देणारं लावलं आणि रँडम टाक-काढ करून प्रत्येक वेळी साध्या ॲरेशी ताडून पाहिलं, तेव्हा लगेच सापडला. हॅशमॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही टेस्ट कराच. एक लक्षात ठेवा, आता डिलीटनंतरही व्हॅल्यूचे जुने पॉइंटर (मेमरीतले पत्ते) धरून चालणार नाहीत, सामान हललेलं असतं, हेडरमध्ये तशी कमेंट टाकलीय.

लायब्ररीतल्या व्हेक्टरमध्येही (लागेल तसा वाढणारा ॲरे) एक बग निघाला. व्हेक्टरमधल्याच एलिमेंटचा पॉइंटर पुशला (शेवटी नवा एलिमेंट टाकणारं फंक्शन) दिला आणि नेमकी तेव्हाच रीॲलॉकने (मेमरीचा ब्लॉक वाढवणारं फंक्शन) जागा बदलली, तर कॉपी होते ती फ्री झालेल्या मेमरीतून. ॲड्रेस सॅनिटायझरने (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) पकडलं. आता वाढवताना नवा ब्लॉक मॅलॉक करतो (म्हणजे नवी मेमरी मागतो), जुना डेटा आणि नवीन एलिमेंट दोन्ही कॉपी करतो आणि मगच जुना फ्री. रीॲलॉकला कधीकधी जागच्या जागी वाढवता येतं तो फायदा जातो, पण मला हे चालेल.

पुढे अरीना ॲलोकेटर (एक मोठा ब्लॉक घेऊन त्यातूनच मेमरी वाटणारा) घेतोय, अलाइनमेंटपासून (डेटा मेमरीत ठरावीक पटीच्या पत्त्यावर ठेवणं) सुरुवात.