हाउ नदीच्या चिखलात निवट्या मोजताना

ओहोटी लागली की आमच्या गल्लीमागचा ओढा रिकामा होतो आणि चिखलावर बोटभर माशांच्या टुणटुण उड्या सुरू होतात. व्हिएतनाममध्ये कॅन थो शहरात राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "अगंबाई, निवट्या!" मी उरणच्या खाडीकाठची. आणि हे शहर तर समुद्रापासून पाऊणशे किलोमीटर आत, मेकाँगच्या हाउ नावाच्या फाट्यावर. पाणी गोडं, तरी भरती-ओहोटी इथवर पोचते.

इथे या माशांना 'थोई लोई' म्हणतात. समुद्राकडच्या का माउ भागातली मोठी थोई लोई वीतभराहून लांब होते, तिखट-मीठ लावून निखाऱ्यावर भाजतात. आमच्या ओढ्यातली मात्र बोटभर. शास्त्रीय नाव पेरिऑफ्थॅल्मोडॉन सेप्टेमरेडिएटस. तिचं वेगळेपण असं, की ती नदीच्या मुखापासून पार गोड्या पाण्यापर्यंत राहते. बाकीच्या बहुतेक निवट्या खाऱ्या किंवा मचूळ पाण्याच्या काठाशीच असतात.

वरच्या मजल्यावरची मुलगी विद्यापीठात मत्स्यविज्ञान शिकते. मला 'को' म्हणते, म्हणजे आत्या. गेल्या महिन्यात तिने मदतीला बोलावलं. ओट्यावर ट्रे, त्यात बर्फावरचे मासे, शेजारी सोनाराकडे असतो तसा तराजू. ती थोबाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायची, मी आकडे लिहायचे. हातात घेतलेला मासा अगदी ओळखीचा वाटला. तीच बुळबुळ, डोक्यावर चढून बसलेले तेच डोळे, हातांसारखे तेच पुढचे पर.

एवढं मोजून कळतं काय? मासा सगळीकडून सारखाच वाढला, तर लांबी दुप्पट झाल्यावर वजन आठपट व्हायला हवं. कारण तो लांबीत वाढतो तसाच रुंदीत आणि जाडीतही वाढतो. म्हणून लांबी आणि वजन यांच्या समीकरणातला घातांक 3 च्या आसपास येतो. 3 पेक्षा कमी आला तर मासा लांब होतोय पण अंग धरत नाही. जास्त आला तर मोठा होता होता गुबगुबीत होतोय. दुसरा आकडा प्रत्येक माशाचा स्वतंत्र असतो. वजन ग्रॅममध्ये घ्यायचं, 100 ने गुणायचं आणि सेंटीमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचं. समजा मासा 10 सेंटीमीटरचा आणि 8 ग्रॅमचा, तर उत्तर 0.8. तेवढ्याच लांबीचा दुसरा 9 ग्रॅमचा, तर 0.9. दुसरा अंगाने भरलेला.

हे ऐकलं आणि मला आजी आठवली. ती निवटी हातात घेऊन पाठीवर अंगठा दाबायची. "भरलीय," नाहीतर "सुकलीय हो ही." मग राखेत चोळून बुळबुळ काढायची आणि कालवणाला लावायची. तिचा अंगठा हेच मोजत होता. तराजूने मात्र या महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो, पावसाळ्याचा उन्हाळ्याशेजारी, नदीच्या मुखाजवळचा गोड्या पाण्याशेजारी. फक्त मादी पोटात गाबोळी असली की उगाच जड भरते, म्हणून नर-मादी वेगळे लिहायचे. मासा नुकताच जेवलेला असला तरी काटा हलतो.

वयाचं गणित जास्त अवघड आहे. थंड देशांत हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा माशाच्या कानातल्या बारीक खड्यावर झाडासारखी वर्तुळं उमटतात. इथे हिवाळाच नाही, वर्तुळं पुसट. म्हणून वर्षभर दर महिन्याला शेकडो मासे मोजतात आणि लहानग्यांचा घोळका महिन्यागणिक किती पुढे सरकतो ते बघतात. चिखलात गुडघाभर उतरून वर्षभर हेच करायला केवढी चिकाटी लागते! या मुलीचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मला काळजी वाटते ती काठांची. निवटी चिखलात बीळ करते, बिळाच्या छताला अंडी चिकटवते. काठ सिमेंटचा बांधला की तिचं घरच गेलं. शहरातला नदीकाठ बराचसा बांधून झालाय. शिवाय 2016 आणि 2020 च्या उन्हाळ्यांत समुद्राचं खारं पाणी मेकाँगमध्ये फार आतवर शिरलं, भातशेती करपली. या निवटीला खारं पाणी चालतं. पण त्या महिन्यांत ती भरली की सुकली, हे सांगायला तेव्हाची मापं हवीत. म्हणून आत्ताची वही मला मोलाची वाटते.

आमच्याकडची खाडीही अर्धीअधिक भरावाखाली गेली. उरलेल्या चिखलात निवट्या आहेत, दादा अजून हाताने बिळातून काढतो. ती जात निराळी, चिखलावरचं शेवाळ खाणारी, त्यामुळे तिचे आकडे इथल्याशी जुळवता येणार नाहीत. तरी परवा फोनवर त्याला सांगितलं, "वहिनीने राख लावायच्या आधी प्रत्येकीची लांबी आणि वजन लिहून ठेव. तारीख घाल." तो म्हणाला, तराजू पाठव. पाठवलाय.