साठच्या धर्तीच्या जॅझ बासला नवे पिकअप: गणपती ते आषाढ

मंडळी, बरेच महिने रेंगाळलेलं काम एकदाचं मार्गी लागलं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय, कुणी याच वाटेवर असेल तर त्याचे थोडे पैसे आणि बराच वेळ वाचेल.

बास गिटार साठच्या दशकातल्या फेंडरच्या जॅझ बास मॉडेलच्या धर्तीची आहे, अल्डर लाकडाची बॉडी, ७.२५ इंच रेडियसचा म्हणजे बऱ्यापैकी गोलसर नेक, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारी कॉइल), एक नेककडे आणि एक ब्रिजकडे म्हणजे तारा अडकवतात त्या टोकाला, तीन नॉब. नेक हातात इतका बसलाय की ती विकायचा विचार कधी आलाच नाही, पण पिकअप पहिल्या दिवसापासून खटकायचे. मागच्या गणपतीत पुण्यातल्या एका सोसायटीच्या मांडवात ऑर्केस्ट्रासोबत वाजवत होतो, शेजारी जनरेटर, डोक्यावर लाइटच्या माळा, डिमर, आणि एका गाण्यात नेकचा व्हॉल्यूम बंद करून फक्त ब्रिज पिकअप ठेवला तर एवढा हम (विजेचा घुमणारा आवाज) आला की साउंडवाल्या दादाने माझी लाइनच खाली ओढली. बरोबरच केलं त्याने.

या हमबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या बासवाल्यांनी लक्षात ठेवायलाच हवी. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि सगळ्यात जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर वाजणारा जी हा सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे हम जवळजवळ आपल्याच सुरात येतो, आणि तो जी लांबवला की दोन्ही एकमेकांवर आपटून सेकंदाला एक-दोन हेलकावे ऐकू येतात, ट्यूनिंग गेलंय असंच वाटतं. मी कितीतरी वेळा उगाच तार पिळत बसलो होतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, तो बी आणि बी फ्लॅटच्या मधे कुठेतरी पडतो, त्यामुळे तिकडच्या व्हिडिओत ऐकलेला हम आणि आपल्या घरातला हम वेगळा लागतो.

पहिल्यांदा शील्डिंग, म्हणजे आतून धातूचं अस्तर, केलं. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून तांब्याची चिकटपट्टी आणली, बॉडीतल्या तिन्ही कॅव्हिटी (पोकळ्या) आतून मढवल्या, सगळे तुकडे सोल्डरने जोडले, अर्थची वायर नीट लावली. फरक पडला, तारांवरून हात काढल्यावर जी किरकिर यायची ती बरीच गेली, पण खालचा घुमणारा हम होता तिथेच. कारण पातळ तांबं इलेक्ट्रिक फील्ड अडवतं, ट्रान्सफॉर्मरचं मॅग्नेटिक फील्ड त्यातून सरळ आत येतं. त्यावर उपाय कॉइलमध्येच करावा लागतो.

मग पिकअप काढून पालथे केले. खाली सिरॅमिक मॅग्नेटची पट्टी चिकटवलेली आणि पोल पीस (कॉइलच्या मधले खिळे) साध्या स्टीलचे. सिरॅमिक वाईटच असं मी म्हणणार नाही, पण स्टीलच्या गाभ्याने कॉइलचा इंडक्टन्स वाढतो आणि वरची फ्रिक्वेन्सी लवकर पडते, ट्रेबल वाढवूनसुद्धा जो एक कांबळं पांघरल्यासारखा आवाज यायचा त्याचं मूळ मला इथे सापडलं. जुन्या पद्धतीत पोल पीस हेच मॅग्नेट असतात, अल्निको ५ या मिश्रधातूचे, प्रत्येक तारेला दोन, आणि भोवती ४२ गेजची केसासारखी बारीक तार.

आता किलोओहमबद्दल, म्हणजे कॉइलच्या रेझिस्टन्सच्या आकड्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ मी इथेच घातला. महिनाभर प्रत्येक पिकअपचा रेझिस्टन्स बघून जास्त आकडा म्हणजे जास्त दम असं धरून चाललो होतो. डिसेंबरात सकाळी माझाच जुना पिकअप मोजला तर ७.२, मे महिन्यात दुपारी तोच, त्याच मल्टीमीटरवर, ७.७! बिघडला वाटलं. पण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, आणि खोलीत डिसेंबरात १७ अंश होतं, मेमध्ये ३६, हिशोब अगदी जुळला. म्हणजे ऋतू बदलला तरी जो आकडा हलतो त्याच्यावर मी निवड करणार होतो. तार किती बारीक, वेढे किती, मॅग्नेट कुठलं हे माहीत नसेल तर नुसत्या ओहमवरून दोन कंपन्यांच्या पिकअपची तुलना करू नका, कळकळीने सांगतो.

पर्याय माझ्यापुढे तीन होते. एक, जुन्या धर्तीचे खरे सिंगल कॉइल, सेमूर डंकनचे एसजेबी-१ सारखे. दुसरा, त्यांचेच क्वार्टर पाउंड, पाव इंच जाडीच्या पोल पीसचे, आवाज दणकट पण मला हवा तो नाही. तिसरा, सिंगल कॉइलच्या मापात बसणारे हम-कॅन्सलिंग (हम आतच रद्द करणारे), डिमार्झिओचे वगैरे, आणि मांडवातला प्रसंग आठवला की मन इकडेच ओढ घ्यायचं.

शेवटी मी वर्षभराची गिगची रेकॉर्डिंग लावून वही घेऊन बसलो, कुठल्या गाण्यात कुठला नॉब कुठे होता ते लिहिलं. जवळजवळ सगळीकडे दोन्ही व्हॉल्यूम फुल, फक्त ब्रिज असा दोनच गाण्यांत. आणि जॅझ बासची खरी गंमत इथेच आहे: एका पिकअपचं वाइंडिंग आणि मॅग्नेट दोन्ही दुसऱ्याच्या उलट, त्यामुळे दोन्ही सारखे उघडे असले की तारेचा आवाज जुळतो आणि हम एकमेकाला खातो. फेंडरने १९५७ मध्ये प्रिसिजन या बास मॉडेलला कॉइल दोन तुकड्यांत विभागून हेच एका पिकअपमध्ये केलं, १९६० च्या जॅझमध्ये ते दोन पिकअपमध्ये वाटलं गेलं. शिवाय दोन्ही फुल असताना मधला भाग जो थोडा खचतो आणि वर ती कुरकुरीत धार येते, तोच आवाज मला हवा होता. दोन गाण्यांसाठी तो सोडायचा नाही असं ठरलं आणि एसजेबी-१ घेतले. बासवादक जॅको पॅस्टोरियससारखं ब्रिज पिकअपवर राहणारे कुणी असाल तर मात्र हम-कॅन्सलिंगच बघा, मीही तेच घेतले असते.

पार्सल आलं त्यात घोळ. दुकानाने दोन्ही ब्रिजचे पाठवले. जॅझमध्ये नेकचा पिकअप ब्रिजच्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर आखूड असतो, तो कॅव्हिटीत बसेना. लाकूड थोडं कोरू का म्हणून गिटार दुरुस्त करणाऱ्या एका मित्राला फोन केला, तो म्हणाला, "थांब, कानस ठेव खाली, आधी होकायंत्र लाव." लावलं तर दोन्हींच्या वरच्या बाजूला एकच ध्रुव. म्हणजे कोरून बसवले असते तरी हम गेलाच नसता! परत पाठवले, बदलून यायला पाच आठवडे गेले. तेव्हा सेट हातात आला की सोल्डर गरम करायच्या आधी लांबी मोजा आणि होकायंत्र फिरवा.

बसवताना पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) २५० किलोओहमचे, टोनचा कॅपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, काही बदललं नाही. पिकअपखालचा फोम पार चुरा झाला होता, तो नवा घातला, आणि गंजलेले स्क्रूही बदलले. तुलना नीट व्हावी म्हणून दोन्ही वेळा नव्या तारा, एकाच सेटच्या, आणि तीच ओळ तशीच सरळ ऑडिओ इंटरफेसमध्ये रेकॉर्ड केली.

आवाज उघडला. पहिला ई वाजवला आणि त्याच्या मागून बोटाची घासट ऐकू आली, ती या बासवर मी पहिल्यांदाच ऐकली, खरंच अंगावर काटा आला. दोन्ही फुल असताना हम इतका कमी की अँप चालू आहे का ते वाकून दिवा बघितला. एक व्हॉल्यूम जरा खाली आणला की हम हळूच डोकं वर काढतो, ते अपेक्षितच होतं.

राहिलंय ते पिकअपच्या उंचीचं. ७.२५ रेडियसमुळे ए आणि डी तारा पिकअपपासून बाहेरच्या दोन तारांपेक्षा दीड-दोन मिलिमीटर लांब पडतात आणि पोल पीस एका पातळीत, त्यामुळे डी थोडी मागे राहते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई तारेखाली ३ आणि जी तारेखाली अडीच मिलिमीटर असं सुरू केलं, मग नेकचा पिकअप अर्धा फेरा खाली, जीच्या बाजूने आणखी पाव. आता बरंच जुळलंय. पण पावसाळ्यात माझा नेक थोडा पुढे वाकतो, अ‍ॅक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची वाढते, त्यामुळे हे आकडे ऑक्टोबरमध्ये परत मोजेन आणि इथेच खाली लिहीन.