न झालेल्या लग्नाचा पुरावा

लोकांच्या वंशावळी मूळ कागदपत्रांवरून तपासून देणे हा माझा लंडनमधील व्यवसाय आहे. एका सकाळी एक वयस्कर इंग्रज गृहस्थ आपल्या घराण्याचा भलामोठा तक्ता घेऊन कार्यालयात आले. मधल्या पिढ्या आम्ही आधीच तपासल्या होत्या आणि त्या वॉरेन घराण्यापर्यंत व्यवस्थित पोहोचत होत्या. वाद होता तो सर्वांत वरच्या दुव्याचा. विल्यम द वॉरेनची पत्नी गुंड्राडा ही इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाची मुलगी, असे तिथे सोनेरी शाईत लिहिले होते.

हा वॉरेन म्हणजे नॉर्मंडीतील एका घराण्याचा धाकटा मुलगा. वडिलोपार्जित जमीन थोरल्याकडे गेली. याचे नशीब उघडले ते १०६६ मध्ये विल्यम राजाने हेस्टिंग्जची लढाई मारून इंग्लंड घेतल्यानंतर. ससेक्समधील लुईस, यॉर्कशायरमधील कॉनिसबरो, नॉर्फोकमधील कासल एकर ही ठाणी त्याच्याकडे आली आणि इंग्लंडमधील जमिनींच्या १०८६ च्या डोम्सडे नोंदवहीत त्याच्या जमिनी तेरा परगण्यांत पसरलेल्या दिसतात. १०८८ मध्ये सरेचा अर्ल हा किताब मिळाला खरा, पण त्याच वर्षी पेव्हेन्सीच्या वेढ्यात जखमी होऊन तो वारला. गुंड्राडा त्याआधीच, १०८५ मध्ये, बाळंतपणात गेली होती. दोघांनी लुईसला स्थापलेल्या क्लूनी या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाच्या मठात दोघांचेही दफन झाले. १८४५ मध्ये त्या जागेवरून रेल्वे नेताना मजुरांना शिशाच्या दोन पेट्या सापडल्या, त्यांवर या दोघांची नावे कोरलेली होती. पेट्या इतक्या आखूड आहेत की त्यांत माणूस आडवा मावणार नाही. अस्थी मागाहून गोळा करून त्यांत ठेवल्या असाव्यात, हे पाहताक्षणीच कळते.

गृहस्थांचा सारा भर मठाच्या सनदांवर होता, कारण त्यांत विल्यम राजाची राणी मटिल्डा हिचा उल्लेख गुंड्राडेची आई असा येतो. परंतु त्या सनदांचा मजकूर अस्सल नाही. देणगीदाराचे कूळ थोर ठरले की मठाचेही वजन वाढते, हा व्यवहार मठवाशांना चांगला कळत होता, असे माझे मत. बाराव्या शतकातला इतिहासकार ऑर्डरिक व्हिटालिस तिला चेस्टरचा अर्ल झालेल्या फ्लेमिश गेर्बोडची बहीण म्हणतो आणि राजाचे नावही घेत नाही.

तरीही माझ्या दृष्टीने निर्णायक ठरले ते कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याचे पत्र. गुंड्राडेचा मुलगा, दुसरा अर्ल विल्यम, याला विल्यम राजाचा मुलगा, इंग्लंडचा राजा पहिला हेन्री, याने आपली एक मुलगी देऊ केली होती. नाते फार जवळचे असल्याने हे लग्न होऊ शकत नाही, असे अँसेल्मने राजाला कळवले आणि ते झालेही नाही. मात्र हे नाते त्याने एका बाजूने चौथ्या व दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीचे मोजले आहे. गुंड्राडा जर हेन्रीची सख्खी बहीण असती, तर ही मुलगी नवऱ्याची थेट मामेबहीण ठरली असती. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक घरांत आहे. तिथल्या चर्चला ती मुळीच चालणारी नव्हती. एवढा सरळ आक्षेप हाताशी असताना अँसेल्म चौथ्या-सहाव्या पिढीचा हिशेब करत कशाला बसला असता?

गृहस्थांनी पत्राची प्रत दोनदा वाचली आणि "म्हणजे आमच्याकडे राजा नाहीच तर," एवढेच म्हणाले.

राजा होता. याच दुसऱ्या अर्लने पुढे इझाबेल द व्हर्मांद्वा हिच्याशी लग्न केले. ती फ्रान्सचा राजा पहिला आन्री याची नात, आणि गृहस्थांची शाखा निघते ती याच जोडप्यापासून. इतकेच नव्हे, तर यांची मुलगी एडा ही स्कॉटलंडच्या माल्कम आणि विल्यम या दोन राजांची आई. मी पेन्सिलीने ती रेघ तक्त्यावर ओढून दाखवली. नॉर्मंडीहून आलेला राजा त्यांना इतकी वर्षे आपला वाटत होता, पॅरिसचा मात्र काही केल्या पसंत पडेना. आन्रीचे नाव साध्या काळ्या शाईत लिहावे, असे सांगून ते गेले.