काकूचे पंधराशे आणि दोन पोती ज्वारी

मंगळवार, रात्री

काढणीच्या दिवसांत, आधारवर पैसे काढून देणाऱ्या आमच्या केंद्रावर निम्मा वेळ अंगठे उठवण्यातच जातो. मालदांडी ज्वारी उपटून उपटून बायांच्या बोटांवर रेघाच राहत नाहीत. चिरा पडलेल्या, चिरांत काळी माती बसलेली. मशीनवर दिवा लागतो, स्क्रीनवर ते गोल फिरत राहतं आणि शेवटी 'जुळत नाही' म्हणतं. मग जिचा तिचा उपाय सुरू होतो. कुणी अंगठा केसांतून फिरवते, कुणी पदराला घासते. मी टेबलावर व्हॅसलीनची डबी ठेवलीय, ती पण संपत आली. आज काकूचे दोन्ही अंगठे हरले आणि डाव्या हाताचं मधलं बोट जुळलं. काकू म्हणाली, "बग, ह्या बोटानं कदी काम केलं न्हाय वाटतं."

खात्यावर दोनशे बारा रुपये. लाडक्या बहिणीचा हप्ता आलेला नाही.

"कदी येतंय गं?"

मला काय माहीत. पण केंद्राची खुर्ची अशी आहे, की बसणारीला सगळं माहीत असलंच पाहिजे असं गावाला वाटतं. "येईल काकू, या आठवड्यात येईल बहुतेक," असं म्हणून मी मोकळी झाले. त्या 'बहुतेक'साठी काकू अर्ध्या दिवसाची काढणी सोडून आली होती.

आता झोपायच्या आधी हे लिहीत बसलेय. काकूच्या घरात या पैशानं काय झालं ते मी जवळून बघितलंय, आणि गावात त्यावर जे बोललं जातं ते भलतंच असतं.

काकू म्हणजे माझी सख्खी चुलती नव्हे, भावकीतली. दीड एकर कोरडवाहू काळं रान, आप्पा, बारावीतली पोरगी, आणि पुण्याला हडपसरकडं मालाच्या गाडीवर जाणारा पोरगा. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, आमच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. कोठार खरं, पण वर्षातून एकदाच भरणारं. इथं खरिपाला रान बहुतेक मोकळंच असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसावर पेरायचं आणि फेब्रुवारी-मार्चात काढायचं. म्हणजे घरात रोकड दिसायची ती शिमग्याच्या आसपास, पुढचं वर्षभर दुकानदाराची वही.

आणि त्या वहीचा हिशेब खळ्यावरच व्हायचा. मळणी झाली की दुकानदार हजर. ज्वारी घेणारा तोच, तेल-साखर उधारीवर देणारा पण तोच, त्यामुळे भाव काय लावायचा हे विचारायची सोय नाही. सगळ्यांची ज्वारी एकदम निघालेली, भाव पडलेला. आप्पा मुंडी हलवायचे. खायला लागेल तेवढी ठेवून बाकीची पोती टेंपोत. कडबाही रानातनंच शेकडा पेंढ्यांवर उचलला जायचा. मग मे महिन्यात त्याच कडब्याचा भाव ऐकून आप्पा दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. हे मी लहानपणापासून बघतेय, आमच्या घरात काही वेगळं नव्हतं.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिना १५०० रुपये. अंगणवाडीत फॉर्म भरायला झुंबड उडाली होती. ऑगस्टमध्ये राखीच्या तोंडावर दोन महिन्यांचे मिळून ३००० आले, काकूला मात्र मेसेज आलाच नाही. शोधून शोधून कळलं, की तिचा आधार एका जुन्या खात्याला जोडलेला होता. कधीतरी रोजगार हमीसाठी काढलेलं, पासबुक उंदरांनी खाल्लेलं. थेट जमा होणारा पैसा आधार जिथं जोडलाय तिथंच जातो, फॉर्मवर कुठलाही नंबर लिहिला तरी. तिथं पैसे आलेही होते, पण शिल्लक कमी म्हणून बँकेनं त्यातनं दंड कापून घेतला. काकूनं त्या बँकेला जे नाव ठेवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग आधार नव्या खात्याला जोडला आणि पुढचे हप्ते नीट यायला लागले.

काय केलं त्या पैशाचं? लोकांना ऐकायला आवडतं तसं काही नाही. शिलाई मशीन नाही, पापडाचा धंदा नाही. काकूनं तेल, चहा-साखर आणि साबण रोख आणायला सुरुवात केली. एवढंच. मी सुद्धा तेव्हा मनात म्हटलं होतं, गेले पैसे डब्यात.

पण पुढच्या खळ्यावर वही बारीक होती. दुकानदारानं पानं दोनदा उलटून बघितली. देणं भागवायला पूर्वी लागायची त्यापेक्षा दोन पोती कमी लागली, आणि काकूनं ती दोन पोती घरात ओढली. कडबाही रचून ठेवला, वर ताडपत्री. कडबा मे महिन्यात गेला, शेकड्यामागं पाचशे-सातशे जास्त मिळाले. ज्वारी दिवाळीच्या आधी काढली, पेरणीच्या खर्चाला. त्या थांबण्यातनं जे सुटलं ते त्या महिन्याच्या पंधराशेपेक्षा बरंच जास्त होतं. गरिबाला कष्ट कमी पडत नाहीत, त्याला थांबता येत नाही, आणि व्यापाऱ्याला हे त्याच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आप्पांना पीएम किसानचे वर्षाला ६००० येतात आणि नमो शेतकरीचे ६०००, दोन्ही दोन-दोन हजारांच्या हप्त्यात. सातबारा त्यांच्या नावावर, म्हणून खातं त्यांचं. ते पैसे खतात, बियाण्यात, मळणी मशीनच्या भाड्यात जातात, थोडे तंबाखूत. जमीन काकूच्या नावावर असती तर तिला हे दोन्हीचे मिळाले असते आणि लाडक्या बहिणीचे महिन्याला पाचशेच. तशा एक-दोघी आहेत आमच्याकडं. सातबाऱ्यावर नाव लावून घेतलं त्याचा त्यांना आता पस्तावा होतोय, हे मला फार वाईट वाटतं.

आणखी एक झालंय, ते हिशेबात बसत नाही. आप्पा आता काकूकडं पैसे मागतात. मागताना आधी दुसरंच काहीतरी बोलतात, पाण्याचं, म्हशीचं, आणि मग "जरा पन्नास असतील का". काकू देते. पण लगेच नाही देत.

पारावर मात्र एकच रेकॉर्ड. बाया माजल्या, कामाला येईनात, फुकटचं खायची सवय लागली. हे म्हणणाऱ्यांच्या रानात आजही काकूच ज्वारी उपटतेय. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ ला ३१२ रुपये होती, म्हणजे पंधराशे झाले पाच दिवसांचे. पाच दिवसांच्या मजुरीवर महिनाभर कोण माजतं मला दाखवा. २०११ ते २०१३ मध्ये इंदूरजवळच्या गावांत 'सेवा' संघटनेनं हा प्रयोगच करून बघितला होता. कुठलीही अट न घालता मोठ्या माणसाला महिना २०० रुपये, पोरांना १००, नंतर ३०० आणि १५०. दारू वाढली नाही. लोकांचं खाणं सुधारलं, आणि मजुरीवर जाणारे स्वतःच्या रानात, स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त राबायला लागले. आमच्या पारावरच्या मंडळींचं दुखणं तेच असावं. बाई कामाला येते, पण आता रोज किती देणार ते आधी विचारते.

तरी उगाच गोडवे गात नाही. काकूच्या पोरीला नर्सिंगला जायचंय, त्या फीपुढं हे पैसे म्हणजे चिल्लर. मागच्या साली आप्पांना सोलापूरला दवाखान्यात ठेवलं तेव्हा डोरलंच गहाण पडलं. पंधराशेनं दुकानदाराची वही बारीक होते, दवाखान्याचं बिल होत नाही.

बुधवार

आज नेटच नव्हतं दुपारपर्यंत, त्यामुळे लोकांच्या शिव्या खात बसले.

काकूची धाकटी बहीण तिकडं इंडी तालुक्यात दिलीय, कर्नाटकात. तिला तिकडच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० मिळतात आणि एसटी फुकट, आपल्याकडं अर्धं तिकीट. दोघींचं फोनवर हेच चालतं, कुणाचं सरकार चांगलं. काकू आज तिला केंद्रावरनंच म्हणत होती, "तुजं दोन हजार आलं का? न्हाय ना? मग कशाला मिरवतीस!" तिकडंही हप्ता अडकतोच. मी हसले, पण खरी गोष्ट तीच आहे.

२०२४ च्या विधानसभेआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन हप्ते एकदम आले, आणि प्रचारात सत्ताधारी १५०० चे २१०० करू म्हणाले. तेव्हापासून जो तो विचारतो, एकवीसशे कधी. मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, राहू द्या ते वरचे सहाशे, तारीख पक्की करा. पगारासारखी, पाच तर पाच. कारण पैसे पाच तारखेला येणार हे ठाऊक असेल तर काकू दुकानदाराला सांगू शकते, पाचला रोख देते, वहीत मांडू नको. कधी येतील ते माहीत नसेल तर तिला परत वहीच उघडावी लागते, आणि वही उघडली की ज्वारीचा भाव पुन्हा त्याच्या हातात. दोन महिन्यांचे एकदम आले की रक्कम तेवढीच भरते, पण मधला महिना उधारीवरच गेलेला असतो. मग सण तोंडावर आला की लोक मोबाईल बघत बसतात. हप्त्याची लॉटरी होते.

त्यात २०२५ च्या सप्टेंबरपासून ई-केवायसी. नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार, त्यावर येणारा ओटीपी. ज्यांचा नवरा नांदवत नाही त्यांनी कुणाचा ओटीपी आणायचा? एकजण केंद्रावर येऊन नुसती बसून राहिली होती. मी तिला चहा दिला, दुसरं काय देणार.

दामाजीपंतांच्या गावचे आम्ही. त्यांनी दुष्काळात बादशहाचं कोठार भुकेल्यांना उघडलं, आणि हिशेब चुकता करायला विठ्ठलाला विठू महार होऊन बिदरला जावं लागलं, ही गोष्ट इथं शाळेच्या आधी कळते. लहानपणी मला वाटायचं, लोकांना धान्याऐवजी मोहरा का नाही दिल्या? आता कळतं, दुष्काळात बाजारात धान्यच नसेल तर मोहरा काय चावायच्या. आज उलट आहे. रेशनचा तांदूळ-गहू घरात आहे, ज्वारी आपली आपण पिकवतो. नाही ती रोकड.

संध्याकाळी काकूकडं गेले होते. मळणी झालीय. व्यापाऱ्याचा टेंपो उद्या येणार, तो म्हणतो सगळी द्या, पुढं भाव पडणार आहे. आप्पा तयार आहेत. काकू म्हणते, दोन पोती ठेवायची, पण या महिन्याचा हप्ता आला नाही तर वही मिटायची नाही, आणि वही मिटवायची तर ती दोन पोतीच द्यावी लागतील. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू सांग, येतंय का न्हाय?"

मी आज 'बहुतेक' म्हटलं नाही. म्हटलं, काकू, मला माहीत नाही. मग तिनं आप्पांना सांगितलं, एक पोतं द्या, एक ठेवा, आणि राहिलेल्या वहीचं मी बगते त्याच्याशी बोलून. आप्पा म्हणाले, तो ऐकणार नाही. त्यावर त्यांचं बराच वेळ चाललं होतं, मी निघाले तरी संपलं नव्हतं.