जुन्या रायझनला थोडं पळवलं, त्याची हकिकत

आमच्या वडगावात सकाळी जाग येते ती मागांच्या खटखटीनं. बेळगावच्या या बाजूला अजून घराघरांत यंत्रमाग चालतात. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडेच शेजारच्या काकांचे चार माग आहेत. मी साड्या विणत नाही, लग्नं विणतो म्हणा. शूटिंग दुसरे करतात, कार्डं माझ्याकडे येतात आणि तीन तासांचं लग्न माझ्या कॉम्प्युटरवर कापून, जोडून, गाणी घालून पूर्ण होतं. मे महिन्यात मुहूर्त लागोपाठ असले की बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडून एकदमच फोन येतात, "झालं काय हो?"

कॉम्प्युटर २०१९ सालचा. एएमडी कंपनीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम. एक पूर्ण लग्न एक्स्पोर्ट करायला पाच तास दहा मिनिटं लागायची. नवीन घ्यायचं तर पैशाचं गणित बसेना. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, ओव्हरक्लॉक करूया की! तुझा प्रोसेसर अनलॉक्ड आहे." ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसरला जास्त पळवायचं.

तो बरोबर होता. रायझनचा गुणक, म्हणजे मल्टिप्लायर, उघडा असतो. बोर्डाचं मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं, त्याला ३४ नं गुणलं की माझ्या प्रोसेसरचा पायाभूत वेग ३.४ गिगाहर्ट्झ. हा आकडा बी४५० वर बदलता येतो. ए३२० चा स्वस्त बोर्ड असता तर तिथेच विषय संपला असता. इंटेलवाल्यांना नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि सहसा झेड चिपसेटचा बोर्ड, दोन्ही लागतात. ओव्हरक्लॉक केल्यावर वॉरंटी जाते, पण माझी तीन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपली होती, त्यामुळे ती भीती नव्हती. भीती वाटायची ती प्रोसेसर जळायची. प्रत्यक्षात माझं नुकसान झालं ते भलत्याच ठिकाणी.

विंडोजमधूनच वेग वाढवता येईल असं टूल हवं म्हणून मी सर्च केलं आणि पहिलाच रिझल्ट उघडला. ती जाहिरात होती, हे नंतर कळलं. पान अगदी कंपनीच्या पानासारखं. डाउनलोड झालेल्या झिप फाइलला पासवर्ड होता, १२३४, आणि खाली सूचना: अँटिव्हायरस चुकीचा इशारा देतो, तेवढ्यापुरता बंद ठेवा.

आता हे वाचून कुणीही म्हणेल, इतकं उघड होतं की! पण या छंदात एक खोच आहे. तापमान मोजणारी, पंखे फिरवणारी खरी टूल्ससुद्धा सिस्टिमच्या अगदी आतल्या खोलीची किल्ली मागतात, कारण प्रोसेसरचे आकडे तिथेच असतात. अशा बऱ्याच टूल्समध्ये विनरिंग० नावाचा एक जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला हार्डवेअरशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, असायचा, त्यात खरोखरच भोक होतं, आणि २०२५ मध्ये विंडोज डिफेंडर त्याच्यावर बोट ठेवू लागला. त्यामुळे "ओव्हरक्लॉकिंगच्या टूलवर अँटिव्हायरस ओरडतोच, लक्ष देऊ नको" ही सवय लागलेली असते. चोराला हीच सवय हवी असते. झिपला पासवर्डही एवढ्याचसाठी, की डिफेंडरला आत डोकावता येऊ नये. मी डिफेंडर बंद केला, फाइल चालवली. एक काळी खिडकी क्षणभर चमकली आणि काहीच झालं नाही. मला वाटलं, टूल बिघडलेलं असेल.

रात्री पावणेबाराला मेल आला: तुमच्या खात्यात नवीन ठिकाणाहून प्रवेश. ते शहर मी कधी नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. माझ्या मेलला दोन टप्प्यांची पडताळणी होती, ओटीपीशिवाय कोण आत जाणार, या भरवशावर मी होतो. पण ओटीपी लागतो तो दारातून आत येताना. आपण आत आहोत याची चिठ्ठी ब्राउझर कुकीच्या रूपात जपून ठेवतो आणि त्या फाइलनं नेमकी ती चिठ्ठीच उचलली होती. चिठ्ठी दाखवणाऱ्याला ओटीपी कोण विचारतो?

पहिली गोष्ट केली ती नेटची केबल उपटली. मग त्या कॉम्प्युटरला हात न लावता मोबाइलवरून मेलमध्ये जाऊन 'सर्व डिव्हाइसमधून बाहेर पडा' दाबलं, मग पासवर्ड बदलला. आधी मेल, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका मेलवरच येतात. तोवर इन्स्टाग्राममध्ये मात्र ते घुसले होते. सकाळी खानापूरहून नवरीच्या वडिलांचा फोन. "अहो, ते पैसे दुप्पट करायचं काय म्हणालात मेसेजमध्ये? किती भरायचे?" त्यांनी आधी फोन केला म्हणून वाचले. कुणाचे पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावायचा, तोही ताबडतोब, एवढं मला माहीत होतं. तशी वेळ आली नाही.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एकसष्ट. सगळे बदलायला तीन दिवस गेले. आई दारात येऊन विचारायची, "काय करालास रे रात्रीचं? मी जेवून घेतो बघ." (आमच्याकडे बायका 'जेवतो'च म्हणतात.) आता पासवर्ड मॅनेजर वापरतो, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, आणि मेलचा तेवढा डोक्यात.

व्हायरस 'काढून' तोच विंडोज पुढे वापरायचा नाही, हे मी ठरवलं. आत काय काय ठेवून गेलेत कुणाला माहीत? लग्नांचं सगळं फुटेज दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर होतं आणि दोन्ही काम झालं की काढून ठेवायची माझी जुनी सवय. ती या वेळी कामाला आली. भाच्याच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्ह तयार केला आणि डिस्क पूर्ण पुसून विंडोज ११ घातलं. नाहीतरी विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाच होता. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एफटीपीएम (कुलपांच्या किल्ल्या जपणारी तिजोरी) आणि सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरनं कॉम्प्युटर सुरू होऊ न देणारी सोय) चालू करावं लागलं. रोजच्या कामाला साधं खातं, अ‍ॅडमिनचं वेगळं. काही इन्स्टॉल करायचं तर पासवर्ड टाकावा लागतो आणि तेवढ्या दोन सेकंदांत माणूस विचार करतो. मेमरी इंटिग्रिटी चालू केली, म्हणजे ओळखीचे भोकवाले ड्रायव्हर विंडोजच आत घेत नाही.

सेटिंग चाळताना दिसलं की डिस्कवर एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाचं कुलूप, आपोआप चालू झालंय. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की छापून घेतली आणि आईच्या कपाटात घराच्या उताऱ्याबरोबर ठेवली. आई म्हणाली, "हे कसलं रे, लॉटरी काय?"

महिनाभर ओव्हरक्लॉकिंगचं नाव काढलं नाही. मग तुळशीचं लग्न झालं, माणसांची लग्नं सुरू झाली आणि पाच तास दहा मिनिटं पुन्हा डोळ्यांसमोर आली.

या वेळी ठरवलं, विंडोजमधलं कुठलंच टूल नको. जे करायचं ते बायोसमध्ये. आकडे बघायला एचडब्ल्यूइन्फो, ताण द्यायला सिनेबेंच आणि ओसीसीटी, तिन्ही त्यांच्या मूळ साइटवरून, पत्ता स्वतः टाइप करून. बायोसचा अपडेट बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घेतला आणि यूपीएसवर ठेवूनच चढवला. आमच्याकडे लाइट कधी डोळा मारेल सांगता येत नाही, आणि बायोस लिहिताना लाइट गेली तर बोर्डाचा दगड होऊ शकतो.

आधी कॅबिनेट उघडलं आणि हसावं की रडावं कळेना. मागांचा कापूस! कूलरच्या पात्यांमध्ये सुताचा भुगा इतका बसला होता की बोटानं ओढला तर नमद्यासारखी अख्खी पट्टी निघाली. सहा वर्षं माझा प्रोसेसर गोधडी पांघरून पळत होता. मऊ ब्रशनं झाडलं. पंख्याला बोटानं धरून ठेवायचं, ब्लोअरच्या हवेनं तो भन्नाट फिरू द्यायचा नाही.

कूलर काढताना एक गोष्ट भाच्याला माहीत नव्हती, मला योगायोगानं माहीत होती. या पिढीच्या रायझनच्या पिना प्रोसेसरलाच असतात. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते; ती वाळली असली आणि कूलर सरळ ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं कामाला लावून गरम केला, बंद करून वायर काढली, स्क्रू सोडवले आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे पिळत सोडवला. जुनी पेस्ट पुसली, नवी हरभऱ्याच्या दाण्याएवढी, आणि मूळच्या बुटक्या कूलरऐवजी १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर बसवला.

एकही आकडा न बदलता तेच लग्न परत एक्स्पोर्ट केलं: चार तास पंचेचाळीस मिनिटं. पंचवीस मिनिटं नुसत्या कापसाची आणि कूलरची! आधी तापमान ९५ अंशांच्या मर्यादेला टेकत होतं आणि प्रोसेसर आपणहून वेग कमी करत होता. आता ते ६८ च्या पुढे जाईना.

दुसरी फजिती रॅमची. डब्यावर ३००० लिहिलेली रॅम सहा वर्षं २१३३ वर चालत होती, कारण बायोसमधलं तिचं प्रोफाइल मी कधी चालूच केलं नव्हतं. ते केलं.

मग खरा खेळ. मल्टिप्लायर ३७, व्होल्टेज हातानं १.२५. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडायचं नाही, बोर्ड घाबरून गरजेपेक्षा जास्त देतो. सिनेबेंच दहा मिनिटं, मग ओसीसीटी तासभर, तापमानावर नजर. मी माझ्यापुरती ८० अंशांची आणि १.३५ व्होल्टची रेघ मारून घेतली. ३८ झालं. ३९ ला १.२५ वर ओसीसीटीनं चूक दाखवली. कॉम्प्युटर बंद पडला नव्हता, गणित चुकलं होतं. हे जास्त वाईट. बंद पडलेला दिसतो, चुकलेलं गणित कुणाच्या तरी सप्तपदीत हिरवा चौकोन होऊन बसतं. १.२७५ वर चूक गेली.

भाच्याला ४.० हवं होतं, गोल आकडा. १.३५ वर ते टिकलंही. पण उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. कागदावर मांडलं: १.२७५ वरून १.३५, म्हणजे वेग अडीच टक्के जास्त आणि उष्णता सुमारे पंधरा टक्के. मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, अडीच टक्क्यांसाठी? शिवाय २६०० चा एका कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका गणित करणाऱ्या भागाचा, कंपनीनं दिलेला कमाल वेगच ३.९ आहे, सगळे कोअर ३.९ वर बांधले तर काहीच गमवावं लागत नाही. मी ३९ वर परत आलो. भाचा दोन दिवस बोलला नाही.

बोलायला लागला तो रॅम ३२०० वर न्यायची गळ घालत. नेली. स्क्रीन काळी. तीनदा चालू-बंद करून पाहिलं, काही नाही. वायर काढली, बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवला. बायोस कोरं झालं, स्क्रीन आली. आणि निळ्या पडद्यावर विंडोजनं ४८ अंक मागितले.

बायोस कोरं झाल्यावर एफटीपीएमही बंद झालं होतं, आणि डिस्कचं कुलूप त्याच्यावर अवलंबून. भाचा पांढरा पडला. मी आईला हाक मारली. "ती लॉटरी दे गं." एफटीपीएम परत चालू केलं, तरी पडदा अडूनच होता, मग एक जण वाचणार, एक जण टाइप करणार, असे अठ्ठेचाळीस अंक घातले आणि दार उघडलं. हल्ली बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरला, म्हणजे डिस्कच्या त्या कुलपाला, तात्पुरती रजा देतो, आणि झालं की परत कामावर.

रॅम ३००० वरच राहिली. तेच लग्न आता चार तास पंधरा मिनिटांत होतं. त्यातला जवळजवळ निम्मा फायदा ब्रशचा आणि कूलरचा आहे, हे मी भाच्याला दर आठवड्याला ऐकवतो. ग्राफिक्स कार्डावरून एक्स्पोर्ट केलं असतं तर याहूनही वेळ वाचला असता, पण माझं कार्ड जुनं आणि त्याचं चित्र माझ्या डोळ्याला पटत नाही.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवून ठेवलीत. खोली जेवढी तापते, जवळजवळ तेवढेच अंश प्रोसेसरवर चढतात, म्हणून एप्रिल-मे साठी ३.८ आणि १.२५ व्होल्ट, बाकी वर्षभर ३.९. पहिला पाऊस पडला की बदलतो. आणि दर अमावास्येला कॅबिनेट उघडून ब्रश. काका परवा भिंतीपलीकडून विचारत होते, "मागाचा कापूस तुला लई त्रास देतो काय रे?" मी म्हटलं, तेवढा एकच त्रास दिसतो तरी.